नऊ नंबरच्या दुमडीतला दोरा

मित्रांनो, माझ्या पाठीवरचा नऊचा आकडा आता नीट वाचता येत नाही. त्याचे शेपूट उसवून गळून गेले, त्यामुळे लांबून तो शून्यासारखा दिसतो. पण मी नऊ नंबरचीच. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यामागे एक फुटबॉल क्लब आहे, त्या क्लबची मी जुनी जर्सी. अंग लाल, कॉलर पिवळी. हल्लीच्या जर्सी असतात तशी मी निसरडी नाही, चांगल्या जाड सुताची आहे. सध्या मी क्लबाच्या कॅन्टीनमध्ये, दाराआडच्या खिळ्यावर असते. तिथून अर्धे मैदान आणि एक जर्दाळूचे झाड दिसते. मला तेवढे पुरते.

मी जन्मले ती गावातल्याच एका शिवणखान्यात. तिथे मॅसिडोनियातून आलेल्या बायका ओळीने मशिनींवर बसत आणि मशिनींच्या आवाजावर आवाज चढवून गप्पा मारत. माझे कापड कोणी बेतले, बाह्या कोणी जोडल्या, हे मला सांगता येणार नाही. आकडा मात्र स्तोयनाने शिवला, हे पक्के आठवते. दातात दोरा धरून ती शेजारणीला सांगत होती, "नऊ नंबर दुहेरी शिवावा लागतो बाई. गोल करायला हाच पुढे धावतो, म्हणून समोरची पोरं आधी यालाच मागून धरतात."

ही स्तोयना आठवडाभर शिवणखान्यात असे आणि रविवारी क्लबात. सगळ्या संघाचे कपडे तिच्या घरी धुतले जात. आम्हाला दोरीवर घालण्याआधी ती बोट ओले करून वारा कुठून येतो ते बघायची. कारखान्याकडून वारा असला की धुतलेल्यावर तांबडी धूळ बसे. माझ्या अंगावर ती दिसत नसे, पण कॉलर मात्र लगेच चुगली करी.

त्या काळी जर्सी खेळाडूची नसे, क्लबाची असे. ज्याला ज्या जागेवर खेळायचे त्याला ती मिळे, आणि सामना संपला की ओली, चिखलाची, पुन्हा स्तोयनाच्या टोपलीत. माझ्यात सुरुवातीला एक पोट सुटलेले गृहस्थ खेळत. ते फारसे पळत नसत. चेंडू आपणहून आपल्याकडे येईल, अशी त्यांची श्रद्धा होती. तो क्वचितच येई. त्यांच्यानंतर त्रायको आला.

त्रायको हा स्तोयनाच्या बहिणीचा मुलगा. त्याच्या आधीचे मूल जगले नव्हते, म्हणून याचे नाव ठेवले ते ‘टिकून राहा’ अशा अर्थाचे. सतरा वर्षांचा, काटकुळा. मी त्याच्या अंगावर हँगरला लटकावल्यासारखी दिसे. पण तो पळू लागला की मागच्या बाजूने माझ्यात वारा भरे, आणि मला पहिल्यांदाच कळले की मी कशासाठी शिवलेली आहे.

आता त्या दोऱ्याची गोष्ट सांगते.

या लोकांची एक रीत आहे. मार्च लागला की लाल आणि पांढरा दोरा एकत्र पिळून पोराबाळांच्या मनगटाला बांधायचा. मग करकोचा दिसला किंवा पहिले फुललेले झाड दिसले, की तो सोडून त्याच झाडाच्या फांदीला बांधायचा. म्हणजे थंडी गेली, पोर सुखरूप राहिले. त्यांच्या मूळ गावी मार्चमध्ये बर्फ वितळते, आणि दोरा थोड्याच दिवसांत सुटतो. पण इथे ऑस्ट्रेलियात मार्च म्हणजे पानगळीची सुरुवात. करकोचे तर या देशात असे नाहीतच. तरी बायका दरवर्षी मार्चमध्येच दोरे बांधत. पंचांग गावाकडचे आणि आभाळ इथले, त्याचा मेळ घालायचा कोणाला सुचले नाही.

त्रायकोच्या पहिल्या सामन्याच्या सकाळी स्तोयनाने त्याच्या मनगटाला दोरा बांधला. पंचाने तो लगेच पाहिला.

"मनगटात काही चालणार नाही. काढ ते."

"काढता येत नाही, साहेब. अजून झाड फुललं नाही."

"काय फुललं नाही?"

संघाचे कोच ब्लाझे दिवसा कारखान्याच्या भट्टीवर काम करत आणि भट्टीवर बोलावे तेवढ्याच मोठ्याने सगळीकडे बोलत. ते बाजूच्या रेषेवरून ओरडले, "त्रायको, पंचाला वनस्पतिशास्त्र शिकवू नकोस! मावशीकडे जा!"

स्तोयनाने कात्रीचे टोक न लावता, गाठ न सोडता दोरा मनगटावरून सरकवून काढला, माझ्या खालच्या दुमडीत आतून सारला आणि तोंड शिवून टाकले. त्रायको अंगात मला घालून उभाच होता, त्यामुळे सुई त्याला एकदा टोचली. "आता पंचाला दिसणारही नाही आणि देवाला दिसेल," ती म्हणाली. त्या दिवशी त्रायकोने दोन गोल केले. दोऱ्यामुळे केले असे मी म्हणणार नाही. समोरच्या संघाचा मधला बचावपटू आदल्या दिवशी लग्नाला जाऊन आला होता.

पुढे तो प्रत्येक सामन्यात गोल करू लागला आणि प्रत्येक सामन्याआधी अंगठ्याने माझी दुमड चाचपू लागला. कॅन्टीनमधल्या बायकांना हे कळल्यावर थट्टेला ऊत आला. एकदा कचऱ्याच्या पिंपावर तो पांढरा, काळ्या मानेचा, लांब वाकड्या चोचीचा पक्षी येऊन बसला. त्याला इथे सगळे कचराकोंबडी म्हणतात.

"स्तोयना, आला गं तुझा करकोचा! सोड पोराचा दोरा."

"हा करकोचा? पिझ्झा खातोय तो."

"इथं आल्यावर आपण काय काय खायला लागलो! त्यानं खाल्लं तर काय बिघडलं?"

"करकोचा धुराड्यावर घरटं करतो."

"मग इथं धुराड्यांची वाण आहे होय?" कारखान्याकडे बोट दाखवून ती बाई म्हणाली, आणि सगळ्याजणी पोट धरून हसल्या.

स्तोयना हसली नाही. ती म्हणाली, "झाड फुलू दे. क्रस्तेचं झाड फुललं की सोडू."

क्रस्ते म्हणजे तिचा नवरा. कॅन्टीनमागचे जर्दाळूचे झाड त्याने लावले होते. कारखान्यातून मोकळा झालो की याच्या सावलीत खुर्ची टाकून सामने बघीन, असे तो म्हणे. पाठीचे दुखणे वाढले तरी दरवर्षी "आणखी एकच वर्ष" म्हणत तो भट्टीवर जात राहिला. खुर्ची टाकायच्या आधीच तो वारला. झाड मात्र वाढले. ते ऑगस्ट संपता संपता फुलते, म्हणजे इथला फुटबॉलचा मोसम संपतो त्याच सुमाराला. मार्चमध्ये मोसम सुरू, ऑगस्टअखेर झाड. गावाकडच्या चुकीच्या पंचांगाने इथल्या खेळाशी असा आपसूक मेळ घातला होता. हे फक्त स्तोयनाच्या ध्यानात आले होते, आणि ती ते कोणाला सांगत नसे.

पण त्या वर्षी झाड फुलायच्या आधीच सिडनीच्या मोठ्या क्लबाने त्रायकोला बोलावले. निघताना तो मला परत करायला आला. ब्लाझे म्हणाले, "राहू दे. उसनी दिली समज. पण आणून द्यायची. क्लबाची वस्तू आहे."

स्तोयना म्हणाली, "आणि झाड फुललं की ये. तुझ्या हातानं दोरा सोड. दुसऱ्यानं सोडून चालत नाही."

"येतो की मावशी. सिडनी काय लांब आहे?"

सिडनी लांब नव्हती. पण तो आला नाही.

त्यानंतरची वर्षे मी पिशवीच्या तळाशी काढली. तिथून जग कसे दिसते म्हणाल, तर फारसे दिसत नाही. ऐकू येते. सिडनीत हजारो लोक त्याला ट्रॉय म्हणून हाका मारत, कारण त्रायको त्यांच्या जिभेवर बसत नसे. एका हिवाळ्यात त्याने इतके गोल केले की पिशवीजवळ रोज नवी माणसे येऊन बोलू लागली. मग विमान, मग बेल्जियम. तिथे सतत पाऊस पडे आणि मैदानाला बटाट्याच्या तळणाचा वास असे. तिथेही तो सामन्याआधी पिशवीत हात घालून माझी दुमड चाचपी.

"पिशवीत काय आहे रे तुझ्या?" एकदा संघातल्या कोणीतरी विचारले.

"मावशी आहे."

"मावशीला म्हणावं, आज दोन गोल पाहिजेत."

"एक तरी देईल," तो म्हणाला, आणि त्या दिवशी खरेच एक झाला.

तिथल्या धुणेवाल्याने एकदा मला नव्या कपड्यांबरोबर उकळत्या पाण्यात टाकले. मी चार बोटे आटले. दुमडीतल्या दोऱ्याचा लाल रंग पांढऱ्यात उतरला आणि तो सगळा गुलाबी झाला. त्रायकोने त्या माणसावर आरडाओरडा केला. मग मला इतके जपले की दोन मोसम धुतलेच नाही. मित्रांनो, आरडाओरडा एक वेळ परवडला, हे जपणे परवडत नाही. कधी ओल्या बुटांचा आकार राहावा म्हणून तो मला बुटात कोंबी. कौतुक आणि हाल एकाच हातून होत होते. त्याचे मला फार वाईट वाटले असे नाही. कापडाला सवय होते.

राष्ट्रीय संघातही त्याला एकदा बोलावले. तो राखीव बाकावर बसला, शेवटपर्यंत बसला, आणि घरी आला.

आणि दोरा? सुरुवातीला त्याला सोडायला सवड नव्हती. पुढे सवड मिळाली तेव्हा धीर होईना. तो सुटला तर गोल सुटतील, असे त्याने मनाशी धरले होते. क्लबात कधी आला तर झाड उघडे असताना येई, नाही तर जर्दाळू धरून गेल्यावर. बायका विचारत, "जर्सी आणलीस का रे, उसनवाऱ्या?" तो "पुढच्या खेपेला" म्हणून चीज भरलेला, पापुद्र्यांचा बुरेक खात बसे.

मग गुडघा गेला. एकदम नाही, थोडा थोडा. आधी थंडीत दुखे, नंतर बसून उठताना कुरकुरू लागला. शस्त्रक्रिया झाली. पुन्हा झाली. मोठे क्लब मागे पडले, मग मधले मागे पडले. पस्तिशी उलटल्यावर तो पोर्ट केम्बलाला परत आला आणि जुन्या क्लबातून खेळू लागला. मीही परत आले, पण पिशवीतच. परत करायचे नाव नाही.

डॉक्टरांनी त्याला माझ्यादेखत सांगितले होते. मी पिशवीत होते, पिशवी उघडी होती. "आणखी एक मोसम खेळलात तर पुढं जिना उतरताना कठड्याला धरावं लागेल. जन्मभर. मुलीला खांद्यावर घ्यायचं तर विसराच." त्याला तेव्हा नुकतीच मुलगी झाली होती. घरी येऊन त्याने बायकोला सांगितले, "म्हणाले, सांभाळून खेळा." खरे काय ते तो आणि मी जाणत होतो. आणि तिसरी स्तोयना, कारण ती अजून धुणे धुवायची. रक्ताळलेल्या, मलमाच्या पट्ट्या तिच्याच टोपलीत पडत.

तो मोसम असाच ओढत ऑगस्टअखेर आला. उपांत्य सामना घरच्या मैदानावर होता. सकाळीच त्रायको गुडघ्यात इंजेक्शन घेऊन आला. प्रेक्षकांच्या पायऱ्या तो आडवा आडवा उतरत होता. ब्लाझे आता म्हातारे झाले होते, पण आवाज तोच होता.

"खेळतोस ना रे?"

"खेळतो की. आणि पुढच्या वर्षीही खेळणार."

कॅन्टीनच्या खिडकीतून स्तोयना म्हणाली, "पुढच्या वर्षी खेकड्यांच्या संघात जा. चालतोस तर तसाच." मग हात पुढे केला. "आधी जर्सी दे. उसनी नेली होतीस. आज मला हवी आहे."

त्रायकोने कुरकुर केली, पण मला काढून दिले. खूप वर्षांनी तिचे हात मला लागले. हात सुरकुतले होते, बोटांना भाजलेल्या मिरच्यांचा वास होता. तिने मला फळीवर पसरले, वास घेतला आणि तोंड वाकडे केले. मग दुमड चाचपली.

"झाड बघितलंस?"

"नाही."

"कसं बघशील? आठवडाभर त्या टोकाच्या गोलकडं सराव करतोयस, इकडं पाठ करून. मला दिसत नाही वाटतं?"

"मावशी, सामना आहे आज. दोऱ्याला हात लावू नकोस."

"मी नाही लावत. माझ्यानं सोडून चालत नाही." ती पीठ झटकत म्हणाली, "क्रस्ते पण हेच म्हणायचा. आणखी एक वर्ष. त्या झाडाखाली एकदा तरी बसला का?"

त्रायको नाड्या आवळून मैदानात गेला. स्तोयनाने मला खिडकीच्या फळीवरच ठेवले, म्हणून मला सगळे दिसले.

पहिला अर्धा भाग बरोबरीत गेला. दुसऱ्या भागात संघांनी बाजू बदलल्या, आणि आमच्या संघाचा हल्ला कॅन्टीनकडच्या गोलवर होऊ लागला. उजवीकडून चेंडू आला. मी या माणसाच्या अंगावर असताना असा चेंडू त्याने कधी सोडला नव्हता. तो धावला, पाय फिरवला, पण गुडघ्याने पाव क्षण उशीर केला. चेंडू गोलवरून उंच गेला, कॅन्टीनच्या छपराला घासला आणि थेट जर्दाळूच्या झाडात घुसला.

पाकळ्यांचा नुसता सडा पडला. चेंडू फांद्यांत अडकला.

त्याच्याच चुकीने गेला, म्हणून तोच आणायला गेला. झाड नखशिखांत फुलले होते. त्याने फांदी हलवली, चेंडू पडला, पाकळ्या केसांवर, खांद्यांवर पडल्या. चेंडू उचलायचा सोडून तो तसाच वर बघत उभा राहिला. आता पाठ करायला जागाच नव्हती.

"त्रायको!" ब्लाझे गरजले. "अरे, फुलं वेचायला गेलास का? सामना चालू आहे!"

त्याने चेंडू पायाने मैदानात ढकलला आणि स्वतः कॅन्टीनच्या खिडकीशी आला.

"मावशी, कात्री दे."

स्तोयनाने कात्री दिली. ती तिने आधीच एप्रनच्या खिशात ठेवलेली होती.

"अरे, दहाच उरलेत आपले!" तिकडून ब्लाझे.

"दुसऱ्याला पाठवा, ब्लाझेकाका," त्रायको मागे न बघता म्हणाला. "माझं झालं."

त्याने मला झाडाखाली नेले आणि दुमडीचे टाके एक एक करून उसवले. माझ्या अंगातून काही जातेय, एवढेच मला कळले. दुखले नाही. गुलाबी झालेल्या त्या दोऱ्याची गाठ त्याने सोडली आणि तो खालच्या फांदीला बांधला. नवी गाठ वेडीवाकडी बसली. मग स्तोयना आतून एक खुर्ची घेऊन आली, नंतर दुसरी. दोघे झाडाखाली बसून उरलेला सामना बघत राहिले. त्याचे डोळे ओले होते. तिने पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि त्याच्या हातात बुरेकचा तुकडा ठेवला.

त्या दिवशी आमचा क्लब हरला. ब्लाझे बरेच दिवस त्रायकोशी बोलले नाहीत. मग एका सकाळी लाल मिरच्यांच्या चटणीची बरणी घेऊन त्याच्या दारात आले आणि "बायकोनं पाठवलीय," एवढेच म्हणून गेले. त्यांची बायको कधीच वारली होती.

त्रायको आता लहान मुलींच्या संघाला शिकवतो. गुडघा थंडीत दुखतो, पण पायऱ्या तो सरळ उतरतो, मुलीला खांद्यावर घेऊन. क्लबाच्या मंडळींना मला काचेच्या चौकटीत बसवायचे होते. स्तोयनाने मोडता घातला. "कापड आहे ते, फोटो नाही," ती म्हणाली. म्हणून मी खिळ्यावर आहे. मैदानावर गार वारा सुटला की ज्या कोणाला थंडी वाजते ती मला अंगात घालते. त्यामुळे मिरच्या भाजणाऱ्या, कांदा परतणाऱ्या, भांडी घासणाऱ्या कितीतरी बायका आता नऊ नंबर होऊन गेल्या आहेत. रविवारी मला थंड पाण्यात धुतात आणि वारा बघून वाळत घालतात.

मित्रांनो, तुमच्याकडेही जुने कपडे असतील, जुन्या वस्तू असतील. त्यांना बुटात कोंबू नका, आणि देव्हाऱ्यातही बसवू नका. वापरा, धुवा, उसवले तर शिवा. आणि त्यांच्यात काही बांधून ठेवले असेल, तर ते सोडायची वेळ कधी येते, तिकडेही लक्ष असू द्या. ते झाड तुमच्या घरामागेच असेल. फक्त त्याच्याकडे पाठ करून उभे राहू नका.

त्या दोऱ्याचे काय झाले, ते सांगायचे राहिले. पुढच्या पावसाळी वाऱ्यात गाठ सैल झाली. एका सकाळी एक कचराकोंबडी पिंपावरून उडाली, झाडाशी आली, वाकड्या चोचीने दोरा ओढून काढला आणि कारखान्याच्या धुराड्यांकडे उडून गेली. बहुतेक घरट्यासाठी.

स्तोयना खिडकीत उभी होती. पक्षी दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.

"अगं, ऐकलंत का," ती आतल्या बायकांना म्हणाली, "करकोचाच होता तो."